दोराच्या अलीकडे गाडी थांबवण्याचं गणित

आदरणीय कासिमालीमामा यांना, म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या भावाला आणि आपल्या सगळ्या गोतावळ्यात मोटार चालवायला शिकलेल्या पहिल्या माणसाला, भाचा सुयुनबेक याचा उजवा हात छातीवर ठेवून सलाम. सैराकानमामींनाही सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? मामी मीठ घालून चहा पितात तो डॉक्टरांनी बंद करायला सांगितला होता, तो बंद झाला का, की डॉक्टर बदलला? तांबड्या घोडीला शिंगरू झालं असं ऐकलं, देव त्याला लांब पाय देवो. इकडे सगळं ठीक आहे. सरोवराचं पाणी गरम आहे, जर्दाळू इतके लागलेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले, आणि मी धडधाकट आहे. (उजवा कोपर सोलला आहे, चष्म्याच्या एका काचेला चीर गेली आहे आणि दोन दिवस कानातून पाणी येत होतं. पण हे सगळं विज्ञानाच्या कामी आलं, त्यामुळे त्याला दुखापत म्हणता येणार नाही.)

मामा, मी हे पत्र उभ्यानं लिहितोय, कारण बसवत नाही. कोपरामुळे नव्हे, आनंदामुळे. तुम्हाला आठवत असेल, मागच्या हिवाळ्यात तुम्ही विचारलं होतं, ‘सुयुन, तू पोरांना जे शिकवतोस त्याचा कुणाला कधी उपयोग झाला का?’ मी तेव्हा गप्प बसलो होतो आणि तुम्ही माझ्या ताटातला मांसाचा तुकडा उचलला होता. आता उत्तर देतो. उपयोग झाला. आधी सगळं वाटोळं झालं, पण नंतर उपयोग झाला.

गोष्ट आमच्या शेजारच्या मिर्लानच्या लग्नाची. नवरी वरच्या गावची. आता नवरीची वरात आपल्या गावात शिरताना रस्त्यात आडवा दोर धरायचा, वरात अडवायची, चार थट्टेच्या गोष्टी करायच्या, रुमाल-मिठाई घ्यायची आणि मगच वाट सोडायची, हे तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही स्वतःच्या लग्नात घोडा दोरावरून उडवला होता म्हणे. (आई सांगायची की घोडा उडाला, तुम्ही अलीकडेच राहिलात.) पण घोड्याला डोळे असतात, मोटारीला नसतात. गेल्या शरदात एका वरातीची गाडी थांबलीच नाही आणि दोराचं टोक मनगटाला गुंडाळून उभे असलेले आमचे शेर्शेनालीआजोबा सफरचंदांच्या खोक्यांत जाऊन पडले. मनगट बरं झालं, पण गावच्या म्हाताऱ्या अक्साकलांनी बैठक बोलावली आणि ठरवलं की यापुढे दोर बंद. सगळ्यांच्या माना खाली. मिर्लानची आई तर रडायलाच लागली, दोर नाही तर लग्न कसलं, नुसती वाहतूक. तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, दोर धरा. गाडी कुठे थांबेल ते मी आधीच सांगतो.

खरं सांगू का मामा, मी गावाच्या रिवाजासाठी उभा राहिलो असं सगळ्यांना वाटलं, ते वाटू दिलं. मी उभा राहिलो ते अदिनायसाठी. वरातीची पहिली गाडी ती चालवणार होती.

अदिनाय ही केरिमकुलची मुलगी, नवरीची चुलत बहीण, वरच्या गावच्या शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या शिक्षक-वर्गात मी फळ्यावर एक उदाहरण सोडवत होतो, तेव्हा मागच्या बाकावरून ती म्हणाली, ‘मास्तर, तिसऱ्या ओळीत तुमचं उणे चिन्ह हरवलंय, सापडतं का बघा.’ सगळे हसले. चिन्ह सापडलं, पण माझं दुसरंच काहीतरी हरवलं. तेव्हापासून मी तिच्या शाळेतून फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास उसना आणतो, परत करतो, पुन्हा उसना आणतो. (आमच्या शाळेत तसले दोन आहेत. मी ते कपाटाच्या मागे ठेवलेत.) तीन वर्षांत मी तिच्याशी वर्तुळाखेरीज कशावरही बोललो नव्हतो. आता तिच्यासमोर, अख्ख्या दोन गावांसमोर, माझी रेघ बरोबर ठरली तर मी पुढचं वाक्य बोलणार होतो. चुकली तर आयुष्यभर कंपासच नेत-आणत राहणार होतो. एवढंच पणाला लागलं होतं, पण मला ते पुष्कळ होतं.

आता गणित ऐका, वैतागू नका, सोपं आहे. गाडी ताशी चाळीसनं येते म्हणजे दर सेकंदाला अकरा मीटर. कोरड्या डांबरावर ब्रेक कचकन दाबला की दर सेकंदाला वेगातले सात-सात कमी होत जातात. गतीचं तिसरं समीकरण सांगतं की वेगाचा वर्ग करा आणि या सातच्या दुपटीनं भागा. अकराचा वर्ग एकशे एकवीस, भागिले चौदा, नऊ मीटरला थोडे कमी. संपलं. यात गाडी किती जड हे कुठेच येत नाही, कारण जड गाडीला थांबवायला जोर जास्त लागतो तसं तिचं घर्षणही तेवढंच जास्त असतं, आणि दोन्हीकडचं वजन खोडलं जातं. (मामी गाडीत बसल्या की गाडी उशिरा थांबते असं तुम्ही वीस वर्षं म्हणताय ना, ते साफ खोटं आहे. हे वाक्य मामींना मोठ्यानं वाचून दाखवा.) मी नऊ धरले, वर अक्साकलांच्या धास्तीचे तीन घातले, आणि दोराच्या जागेपासून बारा मीटर अलीकडे रस्त्यावर फक्कीनं पांढरी रेघ मारली. अदिनायला निरोप पाठवला की काटा चाळीसवर ठेवा, पुढची चाकं रेघेवर आली की ब्रेक पूर्ण दाबा. तिचा उलट निरोप आला, ‘बघू मास्तरांची रेघ.’ हा निरोप मी रात्रभर उलटून पालटून वाचला, आणि प्रत्येक वेळी तो गोडच निघाला.

लग्नाच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसंच माणसं. शेर्शेनालीआजोबांनी दोराचं एक टोक धरलं (या खेपेला गुंडाळलं नाही), दुसरं मिर्लानच्या काकानं. मागे मिर्लानच्या फाटकासमोर टेबल, टेबलावर तळलेल्या बोर्सोकची रास आणि वाफाळणारा समोवार. मी दोराच्या मागे, रस्त्याच्या बरोबर मधोमध, डोक्यावर नवा कलपाक घालून, हातात मोजपट्टी धरून, छाती पुढे काढून उभा राहिलो. लोक म्हणाले, ‘मास्तर, बाजूला व्हा की.’ मी म्हणालो, माझा गणितावर विश्वास आहे. मामा, मी डगमगलो नाही. समोरून येणाऱ्या गाडीकडे मी वाघासारखा बघत होतो.

हॉर्न वाजले, फिती फडफडल्या, पहिली गाडी वळणावरून आली, रेघ आली, रेघ गेली, गाडी येतच राहिली. शेर्शेनालीआजोबा ओरडले, ‘सोडा रे, सोडा.’ दोर जमिनीवर पडला, गाडी त्याच्यावरून किंचाळत आली, आणि मी रस्त्याकडेच्या पाटात होतो. उडी मारली की पडलो हे मला सांगता येणार नाही, त्या वेळी माझी नोंद कुणी ठेवत नव्हतं. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक आणि समोवार यांच्यात एक वीत अंतर होतं. कुणाला ओरखडासुद्धा नाही. नवरी मागच्या सीटवर पडद्याआडून विचारत होती की पोचलो का.

मला चार माणसांनी ओढून काढलं. चष्मा पाटातून वाहून गेला होता, कानात पाणी, कलपाकात पाणी. अदिनाय गाडीतून उतरून माझ्याकडेच आली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसता तिचा निळा रुमाल दिसत होता. ती म्हणाली, ‘लागलं का हो?’ आणि मामा, अशा वेळी शहाणा माणूस म्हणतो, नाही, तुम्हाला लागलं का? मी म्हणालो, ‘थांबा, मोजतो.’

मोजलं. मला आकडे दिसत नव्हते म्हणून मिर्लानच्या काकानं वाचून दाखवले. रेघेपासून टायरांचं घासणं सुरू होईपर्यंत अकरा मीटर, आणि घासत गेलेली गाडी अठरा मीटर. मग मी तिथेच, ठिबकत, उलटं गणित केलं. दोन गुणिले सात गुणिले अठरा, दोनशे बावन्न, त्याचं वर्गमूळ जवळजवळ सोळा, म्हणजे ताशी सत्तावन्न. आणि ते मी मोठ्यानं सांगितलं. वर हेही सांगितलं की ब्रेकसुद्धा अकरा मीटर उशिरा दाबला. हे सगळं दुसऱ्या गाडीतून उतरलेल्या तिच्या वडिलांच्या कानाशेजारी.

‘काट्यावर चाळीस होते,’ अदिनाय म्हणाली.

‘गणित खोटं बोलत नाही,’ मी म्हणालो.

‘गणित नाही बोलत. मास्तर बोलतात.’

केरिमकुलनं मुलीच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. नवरी गाडीत बसलेली असताना सत्तावन्न, एवढंच तो म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं. अदिनाय बायकांच्या घोळक्यात निघून गेली आणि तिचा निळा रुमाल इतर रुमालांत मिसळून गेला. तेव्हा मला कळलं की मी गणित जिंकलोय आणि बाकी सगळं हरलोय. मामा, त्या क्षणी मला आईची फार आठवण झाली. ती असती तर तिनं मला भर लोकांत कान धरून परत पाटात ढकललं असतं.

जेवणाला बसलो. माझ्यापुढे बकऱ्याचं पुढचं हाड आलं, ते मी नुसतं हातात धरून बसलो. शेजारी बातमाआजी बसली होती, आमच्या गल्लीतली सगळ्यात मोठी बाई आणि सगळ्यात मोठ्या आवाजाची. नवरीवर चाचिला उधळायचा मान तिचाच, म्हणजे बोर्सोक, मिठाई, सुका मेवा मुठी भरभरून उधळायचा आणि लोकांनी तो शुभ म्हणून वेचून खायचा. ती कुणाला तरी सांगत होती, ‘यंदा सुके जर्दाळू तयार नव्हते ना, मग म्हटलं ताजेच घेऊ, झाडाखाली सडा पडलाय. दोन घमेली ओतली गाडीपुढे. पण रांडेची गाडी थांबली कुठे, सगळ्यांचा चेंदा करून गेली.’

मी हाड खाली ठेवलं. ‘आजी, कुठे ओतले?’

‘कुठे म्हणजे? तू पांढरी रेघ मारलीस तिथून पुढे. आम्ही बायका कुठे उभ्या राहायच्या त्याचीच ती खूण ना? मी म्हटलं बघा, शिकलेला पोरगा किती विचार करतो बायकांचा.’

मामा, मी टेबलावरून उडीच मारली. (अक्षरशः. बोर्सोकची रास गेली.) दोन घमेली पिकलेले जर्दाळू. रेघेपासून थेट दोरापर्यंत. गाडी त्यांच्यावरून आली, टायरांना गर फासला गेला आणि मग ब्रेक लागला. म्हणजे दर सेकंदाला सात नव्हे, साडेतीनसुद्धा मिळाले नसतील. आणि पुरावा? मला पाटातून काढेपर्यंत अख्ख्या गावानं पुरावा शुभ म्हणून वेचून खाल्ला होता, जो माणसांना नको तो कोंबड्यांनी खाल्ला होता, आणि रस्त्यावरचा गराचा रंग दिसायला माझ्या नाकावर चष्मा नव्हता. मिर्लानच्या काकाला विचारलं तर तो म्हणाला, ‘पिवळं दिसत होतं, पण तू आकडा विचारलास, रंग कुठे विचारलास?’

मी तसाच पुरुषांच्या बैठकीत गेलो, केरिमकुलसमोर उभा राहिलो आणि सांगितलं की माझं चुकलं, तुमच्या मुलीच्या काट्यावर चाळीसच होते, आणि उद्या मी ते सिद्ध करून दाखवतो. त्यानं माझा सोललेला कोपर बघितला. मग म्हणाला, ‘उद्या तू कुठे उभा राहणार?’ मी म्हणालो, गाडीत बसणार. म्हणाला, ‘मग ठीक.’

दुसऱ्या दिवशीच्या गर्दीचं वर्णन काय करू? लग्नालाही एवढी माणसं नव्हती. जर्दाळू तर प्रत्येक घरातून आले, आमचेही घ्या, आमचे जास्त पिकलेत म्हणून भांडणं झाली. केरिमकुलनं किल्ली परत दिली. मी अदिनायशेजारी बसलो. ती माझ्याकडे बघायला तयार नव्हती. चष्मा सापडला होता (पाटाच्या जाळीत, मिर्लानच्या आईला), त्यामुळे या खेपेला तिचा चेहरा दिसत होता, आणि तो न दिसलेलाच बरा होता असं वाटत होतं. ठरलं असं की शेर्शेनालीआजोबा रेघेवर उभे राहून कलपाक खाली टाकतील आणि ती ब्रेक दाबेल.

पहिली फेरी कोरड्या रस्त्यावर. काटा चाळीस, कलपाक पडला, गाडी कुईं करून थांबली. उतरून मोजलं. घासणं नऊ मीटर, माझ्या गणिताप्रमाणे तंतोतंत. मी नाचायच्या बेतात होतो, तेवढ्यात ती म्हणाली, ‘आणि रेघेपासून घासणं सुरू होईपर्यंत किती?’ आठ मीटर. ‘हे आठ तुमच्या बारात कुठे होते?’

नव्हते. मामा, ते कुठेच नव्हते. मी धरून चाललो होतो की रेघ आली की ब्रेक लागला. पण माणसाला आधी दिसतं, मग कळतं, मग पाय उचलतो, मग पडतो. या सगळ्यात पाऊण सेकंद जातो आणि तोवर गाडी बिचारी आपली त्याच वेगानं चालत राहते. हे आठ मीटर मी दरवर्षी पोरांना शिकवतो. नऊ अधिक आठ सतरा, आणि मी दोर बाराला धरला होता. म्हणजे जर्दाळू नसते तरी दोर गेलाच असता आणि मी पाटातच असतो.

दुसरी फेरी जर्दाळूंवरून. कलपाक पडला, आठ मीटर, मग घसरत घसरत अठरा. बरोबर अठरा. काट्यावर चाळीस. या खेपेला मागच्या सीटवर बसलेल्या केरिमकुलनं वाकून काटा स्वतः बघितला होता, तो उतरून सगळ्यांना म्हणाला, ‘माझी मुलगी चाळीसनंच आणत होती.’ लोकांनी टोप्या उडवल्या. बातमाआजी म्हणाली, मी आधीच सांगत होते. (कधी?)

गाडीत आता आम्ही दोघंच उरलो, काचा गरानं माखलेल्या. अदिनाय स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाली, ‘सुयुन मास्तर, मला पाऊण सेकंद लागतो. तुम्हाला दिसल्यापासून पाय उचलेपर्यंत किती लागतो?’

मी म्हणालो, ‘तीन वर्षं.’

ती हसली. मग मी पुढचं वाक्य बोललो. ते वाक्य कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून इथे लिहीत नाही, पण त्यात एकही आकडा नव्हता एवढं सांगतो. अक्साकलांनी त्याच संध्याकाळी ठरवलं की दोर राहील, फक्त रेघ तीस मीटरवर, आणि चाचिला दोराच्या मागे.

तर मामा, एवढीच हकीकत कळवायची होती. मागणं काही नाही. गुडघ्याला जपा, मामींना मीठ देऊ नका.

तुमचा भाचा,
सुयुनबेक

ता. क. मागणं काही नाही असं लिहिलं खरं. आईचे चांदीचे झुमके मामींकडे आहेत. येत्या शुक्रवारी वरच्या गावी केरिमकुलच्या घरी सोयरीक पक्की म्हणून अदिनायच्या कानात ते घालायला मामींनी यावं. आईच्या जागी दुसरं कुणी मला नको. आणि तुम्ही यावं. तुमच्याशिवाय केरिमकुल मला मुलगी देणार नाही, तसं त्यानं सांगितलंय.

ता. क. दुसरा. तुम्ही गाडी घेऊन याल. तिच्या गल्लीतली माणसं दोर धरणार आहेत. तुमच्या निळ्या गाडीचा ब्रेक मी ओळखतो. गिरणी दिसली की पाय दाबायला लागा. मामींच्या वजनाचा विचार करू नका.

ता. क. तिसरा. एक कोडं राहिलंय. लग्नाच्या दिवशी घासणं सुरू व्हायच्या आधी गाडी अकरा मीटर गेली होती, प्रयोगात दोन्ही वेळा आठच. ती म्हणते चाळीसच होते, आणि ते सिद्धही झालंय. मग हे तीन मीटर आले कुठून? रात्री झोप लागत नाही. तुम्हाला गाडीतलं कळतं, काही सुचलं तर कळवा.

मामांना आणि मामींना अदिनायचा सलाम. हे पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, पाकीट चिकटवलेलं नव्हतं, म्हणून वाचलं. दोन दुरुस्त्या करते. एक, तुमच्या गाडीला ब्रेक दोनदा मारावा लागतो हे त्यांनी धरलेलंच नाही, तुम्ही गिरणीच्या आधी पुलापासूनच सुरुवात करा. दुसरी, ते वाघासारखे बघत वगैरे नव्हते. दोन्ही डोळे घट्ट मिटून, नवा कलपाक कानापर्यंत ओढून, ओठांनी काहीतरी पुटपुटत उभे होते, आणि तरी रस्त्यातून हलत नव्हते. रेघ आली तेव्हा मी रेघेकडे नाही, त्यांच्याकडेच बघत राहिले. पाव सेकंद असेल. चाळीसच्या वेगाला त्याचे तीनच मीटर होतात. हे त्यांना इतक्यात सांगू नका, शुक्रवारपर्यंत शोधू देत.